सॅव्हानात सांगायचं ठरलं होतं

सॅव्हानाला जायची कल्पना क्लॉडीनची. तिच्या कल्पना नेहमी दुसऱ्याच्या पायांनी चालतात. गाडी माझी, पेट्रोल माझं, गुडघे माझे, आणि मिस ओझेलांना जे सांगायचं होतं तेही मीच सांगायचं. क्लॉडीन फक्त सोबत येणार होती, धीर द्यायला. अडुसष्ट वर्षांत मला क्लॉडीनकडून धीर मिळाल्याचं आठवत नाही, बोलणी मात्र पोतंभर मिळाली आहेत.

आम्ही तिघी मेकनच्या काळ्या लोकांच्या एकाच चर्चमध्ये अशर आहोत. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे कमरेवर दुमडून दाराशी उभं राहायचं आणि आलेल्याला जागेवर नेऊन बसवायचं, हे आमचं काम. उपासना चालू असताना अशर तोंड उघडत नाही, हातांनी बोलते. दोन बोटं वर केली की दोन जागा रिकाम्या. पंजा पुढे केला की थांबा. हे सगळं मी सतराव्या वर्षी मिस ओझेलांकडून शिकले. माझ्या हातमोज्यावर लिपस्टिकचा डाग दिसला म्हणून त्यांनी मला एकदा भर रविवारी घरी हाकललं होतं. आज त्या एक्याऐंशीच्या आहेत. मधल्या दारात त्या एकावन्न वर्षं उभ्या राहिल्या, त्यातली तीस वर्षं आमच्या मंडळाच्या अध्यक्ष म्हणून.

प्रार्थना चालू असताना कुणालाही आत सोडायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. गव्हर्नर आला तरी पायरीवर थांबेल. मार्चमध्ये चर्चचे कारभारी डीकन टार्व्हर गेले. अंत्यविधीच्या दिवशी आत प्रार्थना संपली, आमेन झालं, ऑर्गन सुरू झाला. बाहेर सहा माणसं शवपेटी धरून उभी, मागे विधवा एस्टेल. आणि दारात मिस ओझेला पंजा पुढे करून. त्यांच्या डोक्यात प्रार्थना चालूच होती. पाऊस भुरभुरत होता. बारा मिनिटं मेलेला माणूस स्वतःच्या चर्चबाहेर ताटकळला, आणि कुणाची हिंमत झाली नाही त्यांना बाजूला करायची. दारातल्या अशरला हात लावायचा नाही, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

त्यानंतर बैठक झाली आणि ठरलं. जूनच्या पहिल्या रविवारपासून मिस ओझेला दारात नाहीत. त्यांना मानद अध्यक्ष म्हणायचं, पहिल्या रांगेत उशी घातलेली खुर्ची द्यायची, छातीवर फुलांचा गुच्छ लावायचा. सगळं छान ठरलं, फक्त मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार होईना. रेव्हरंडांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर वर्डेल, उपाध्यक्ष तुम्ही."

"कुठंतरी छान ठिकाणी नेऊ त्यांना," क्लॉडीन म्हणाली, "खायला घालू आणि मग सांग. भरल्या पोटी माणूस कमी रडतं."

मेच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी मिस ओझेलांच्या दाराशी गाडी लावली. त्या तयारच होत्या. जांभळी टोपी, मोठी पर्स आणि काखेत बुटांचं खोकं. त्यात तळलेली कोंबडी, पाव आणि केकचे तुकडे.

"मिस ओझेला, तिथं पावलापावलाला खानावळी आहेत," क्लॉडीन म्हणाली.

"आपल्याला बसू देतील याची खात्री आहे का तुला?"

"साठ वर्षं झाली बसू देतात त्याला!"

"मग साठ वर्षं काय, उद्या मन बदललं तर? खोकं काही खायला मागत नाही." त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि दार ओढून घेतलं.

रस्ता म्हणजे अडीच तास पाइनची झाडं. तेवढ्या वेळात मिस ओझेलांनी तीनदा विचारलं, शेगडी बंद केली का. दोनदा मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा क्लॉडीन मागून म्हणाली, "हो, मॅम. मी बंद केली आणि तिचा मुकाही घेतला." मिस ओझेला हसल्या. मला हसू आलं नाही. त्या अडीच तासांत मी मनात सात वेळा सुरुवात केली होती आणि सातही वेळा अर्ध्यावर सोडली होती.

सॅव्हानात पोचलो तेव्हा दहाही वाजले नव्हते आणि अंगाला कपडे चिकटायला लागले होते. आम्ही पर्यटकांच्या ट्रॉलीत बसलो. गाइड तरुण, आवाज मोठा, आणि त्याच्याकडे प्रत्येक घरासाठी एक भूत तयार. या खिडकीत नवरी दिसते, त्या जिन्यावर कॅप्टन खोकतो. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. चौक आला की चौकात ओक, ओकवरून लोंबणारं राखाडी मॉस, मॉसखाली फोटो काढणारी माणसं. असे वीस-बावीस चौक आहेत. पाचव्यानंतर मला ते सगळे एकच वाटायला लागले.

"आणि या शहराला श्रीमंत केलं ते कापसानं!" गाइड म्हणाला.

"कापूस आपल्या पायांनी चालत आला असेल," क्लॉडीन मोठ्यानं म्हणाली.

पुढच्या बाकावरची दोन माणसं मागे वळून पुन्हा पुढे बघायला लागली. मिस ओझेला शांतपणे म्हणाल्या, "मी वेचलाय. नवव्या वर्षापासून. मला त्यात भूत कधी दिसलं नाही, काटेच दिसले." मग माझ्याकडे झुकून, "पोराला टीप दे हं उतरताना. उन्हात बोलतोय बिचारा."

अशी बाई. तिला मी काय सांगणार होते?

सातव्या की आठव्या चौकात उतरलो. माझ्या पायांचे तुकडे पडले होते. क्लॉडीन पुतळ्याचा फोटो काढायच्या निमित्तानं मुद्दाम लांब गेली आणि तिथून मला भुवया उडवून खुणावत राहिली. मी बाकावर मिस ओझेलांच्या शेजारी बसले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "मिस ओझेला, चर्चचं एक बोलायचं होतं."

"बरं झालं तू विषय काढलास. अर्लीनच्या पोरीचा गणवेश गुडघ्याच्या वर गेलाय. चर्चच्या महिला दिनाच्या आत शिवण उसवून खाली घ्यायला सांग. मी सांगितलं तर आईला राग येतो. आणि तू दारात एका पायावर भार टाकतेस हल्ली. दोन्ही पायांवर उभं राहावं. देवाच्या दारात लंगडं काय उभं राहायचं?"

"गुडघा दुखतो, मॅम."

"माझेही दुखतात. लोकांना दाखवायचं नाही."

क्लॉडीन परत आली, माझं तोंड बघितलं आणि नाक मुरडलं.

दुपारी तिला खानावळीत जायचं होतं. बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत. अर्धा तास उभं राहिल्यावर मिस ओझेलांनी काही न बोलता खोकं उघडलं आणि आम्ही भिंतीच्या कडेवर बसून गार कोंबडी खाल्ली. रांगेतली माणसं आमच्याकडे हावरटपणे बघत होती. "बघितलंस?" मिस ओझेला म्हणाल्या. क्लॉडीननं दुसरी तंगडी उचलली आणि मान्य केलं. पोटं भरली. क्लॉडीननं माझ्या नडगीवर बूट मारला. मी केक खात राहिले.

मग तिला नदीकाठची मिठाई हवी झाली. तिथं दुकानांत गरम प्रलीनचे तुकडे फुकट चाखायला देतात आणि फुकटचं म्हटलं की क्लॉडीनच्या अंगात वारं भरतं. खाली उतरायला उभ्या दगडी पायऱ्या, खाली गोटे बसवलेला रस्ता. मिस ओझेलांना एका बाजूनं मी धरलं, दुसरीकडून क्लॉडीननं. तीन दुकानांत तीनदा चाखलं आणि घेतलं मात्र एकच पाकीट. वर येताना प्रत्येक पायरीला मी मनात रेव्हरंडांचं नाव घेतलं, आणि ते भक्तिभावानं नव्हे. वर आल्यावर मिस ओझेलांनी मला विचारलं, "आपण कुणाच्या लग्नाला आलोय गं?"

"कुणाच्या नाही, मॅम. शहर बघायला आलोय."

"हो, हो. मला वाटलंच." त्यांनी टोपी सरळ केली.

तीन वाजता सावली हवी म्हणून एका जुन्या चर्चमध्ये शिरलो. आमच्याच लोकांनी बांधलेलं; गुलामीच्या दिवसांत दिवसभर मालकाचं काम करून रात्री विटा वाहिल्या होत्या त्यांनी. आता तिथं तासातासाला माहिती सांगतात. आम्ही मागच्या बाकावर बसलो. मी बूट काढले. एक पोक्त बाई समोर उभी राहून सांगायला लागली. मधेच बघते तर शेजारची जागा रिकामी.

मिस ओझेला दारात उभ्या होत्या. दोन्ही पायांवर भार, डावा हात पाठीमागे, पाठ अशी ताठ की मला सतरावं वर्ष आठवलं. उशिरा आलेलं एक जोडपं, दोघंही अर्ध्या चड्डीत, उंबऱ्यावर आलं. मिस ओझेलांनी पंजा पुढे केला. दोघं जागच्या जागी थांबले. त्या माणसानं तर डोक्यावरची टोपी काढली. समोरच्या बाईंचं एक वाक्य संपलं, त्या पाणी प्यायल्या, तेवढ्यात मिस ओझेलांनी पंजा फिरवला आणि माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. आणि मी, पायात बूट नसताना, उठून उभी राहिले आणि हात लांब करून चौथी रांग दाखवली. जोडपं जाऊन बसलं. पानसुद्धा हललं नाही. क्लॉडीनच्या डोळ्यात पाणी आलं. ती कुजबुजली, "आता सांग बघू."

"तू सांग."

"मी धीर द्यायला आलेय."

माहिती संपली. आतले लोक बाजूच्या दारानं बाहेर पडले. दाराबाहेर पुढचा गट येऊन उभा होता, पंचवीसेक माणसं, सगळ्यात पुढे वॉकर धरलेले एक म्हातारे गृहस्थ. मिस ओझेलांनी त्यांच्यासमोर पंजा धरला होता. आत आम्ही दोघी आणि ती पोक्त बाई, बाकी कुणी नाही. बाई म्हणाल्या, "मॅम, येऊ द्या त्यांना." पंजा हलला नाही. "मॅम?" उन्हात त्या गृहस्थांचे हात थरथरत होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी "काय चाललंय?" म्हटलं. मिस ओझेला समोर बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या प्रार्थना म्हणत होत्या.

मी अनवाणी दारापर्यंत गेले आणि त्यांच्या कोपराला हात लावला. दारातल्या अशरला, एकावन्न वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण हेच त्यांना कळत नव्हतं. मग हात खाली आला.

आता सांगणं भाग होतं. चौकातल्या बाकावर आम्ही तिघी बसलो. या वेळी क्लॉडीन लांब गेली नाही, एवढं तिचं खरं.

"मिस ओझेला, येत्या रविवारपासून तुम्ही दारात उभं राहायचं नाही, असं ठरलंय."

"कोण म्हणतं?"

"रेव्हरंड. आणि आपलं मंडळ."

"मंडळ म्हणजे मी."

"तुमच्याशिवाय बैठक झाली, मॅम. बुधवारी."

"चिठ्ठ्या टाकल्या की हात वर केले?"

"हात."

"तुझा?"

घोडागाडी गेली. मी तिच्या चाकांकडे बघत म्हटलं, "वर होता." सगळ्यात आधी माझा वर गेला होता, आणि तो बघून बाकीच्यांचे गेले. तेवढं मी बोलले नाही.

"तुझा हात कोपरात वाकतो. सरळ होता का?"

"सरळ होता, मॅम."

"मग ठीक." त्यांनी पर्स उघडली, बंद केली. "एस्टेल पावसात उभी होती का गं? मला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्या समोरच होत्या त्या."

मग त्या रडल्या. आवाज न करता, मान ताठ ठेवून, जसं आम्हाला अंत्यविधीत उभं राहायला शिकवलं होतं तसं. क्लॉडीननं त्यांचा हात धरला. मी काहीच धरलं नाही. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "मला गाडीत बसवा. पुरे झालं शहर."

परतीच्या वाटेवर मिस ओझेला पुढच्या सीटवर झोपल्या, टोपी मांडीवर. सूर्य समोरून डोळ्यात येत होता. मागे क्लॉडीन प्रलीन चघळत होती. माझी कंबर गेली होती, घोटे सुजले होते, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. वाईट झालं, पण एकदाचं झालं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगितलं, तोंडावर सांगितलं. उद्या दिवसभर पाय वर करून पडून राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

अर्धा रस्ता झाला आणि त्या जाग्या झाल्या. तोंड पुसलं, टोपी घातली.

"वर्डेल, रविवारी मी मधल्या दारात. तू डावीकडच्या. क्लॉडीनला वर बाल्कनीत पाठव, तिथं तिची बडबड कुणाला ऐकू येणार नाही."

मागचं चघळणं थांबलं.

मी आरशात बघितलं. क्लॉडीननं डोळे मिटून मान हलवली, म्हणजे जाऊ दे. पण जाऊ कसं देणार? रविवारी त्या गणवेश घालून आल्या, आणि दारात सगळ्यांसमोर कुणी अडवलं तर? मी पुन्हा सांगितलं. तेच शब्द.

त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

एकेक प्रश्न त्याच क्रमानं आला. मंडळ म्हणजे मी. चिठ्ठ्या टाकल्या की हात वर केले? मी उत्तरं देत होते आणि पुढचा प्रश्न कुठला ते मला ठाऊक होतं.

"तुझा?"

मी फार दमले होते. ही काही सबब नाही, पण तसं होतं. एकदा दिलेलं खरं उत्तर त्यांच्याकडे उरलं नव्हतं आणि ते पुन्हा द्यायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं.

"नाही, मॅम. माझा खाली होता."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला माहीत होतं. सगळ्या पोरींत तूच." थोड्या वेळानं, "एकटीच होतीस का गं?"

"हो, मॅम."

"बोलले असतील तुला. माझ्यापायी." त्या या वेळी रडल्या नाहीत. मेकन येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. क्लॉडीन, जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं, ती खिडकीबाहेर बघत बसली आणि उतरतानासुद्धा मला काही बोलली नाही.

मला वाटलं, सकाळपर्यंत हेही विसरतील. पुन्हा सांगावं लागेल, पुन्हा तेच. मी तयारीत होते. पण रविवारी त्या गणवेशात आल्याच नाहीत. निळा पोशाख, छातीवर गुच्छ, सरळ चालत पहिल्या रांगेत गेल्या आणि उशीच्या खुर्चीत बसल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली. अर्लीन बसायला गेली तर म्हणाल्या, "ही वर्डेलची जागा." मग, कान कमी झालेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, तशा मोठ्यानं, "तुम्ही सगळ्यांनी हात वर केले. तिनं एकटीनं नाही केला. ती माझ्याशेजारी बसेल."

आमच्या मंडळाच्या बाकी नऊही जणी आपापल्या दाराशी उभ्या होत्या. नऊही जणींनी बुधवारी माझा हात पाहिला होता. कुणी काही बोललं नाही. उपासनेत अशर बोलत नाही. फक्त सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी मधल्या दारात, त्यांच्या जागी उभी होते. मिस ओझेलांनी मागे वळून मला हात केला, ये म्हणून. ऑर्गन सुरू झाला होता. मी हातमोजे काढले आणि सगळ्या चर्चच्या मधून चालत जाऊन त्यांच्याशेजारी बसले.